गाडीला रूफ रॅक नाही, मग टपावरून कयाक न्यायची कशी?

"अहो, ते वरचं हलतंय तुमचं!"

पौड रस्त्यावर मागून येणाऱ्या एका बाईकवाल्याने हॉर्न वाजवत शेजारी येऊन आम्हाला हे सांगितलं, तेव्हा आम्ही घरून निघून जेमतेम आठ किलोमीटर झाले होते. गाडी मामाची, साधी हॅचबॅक. टपावर मित्राची दहा फुटी प्लास्टिकची कयाक. खाली जुनी सतरंजी आणि वरून दुकानातून आणलेली वीस रुपये मीटरची नायलॉनची दोरी. उतरून बघितलं तर कयाकचं नाक सरळ समोर बघायचं सोडून चांगलं वीतभर डावीकडे वळलं होतं. बाईकवर मागे त्याची बायको आणि मध्ये लहान मुलगी. ती कयाक सुटून मागे गेली असती तर काय झालं असतं, हा विचार आमच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आला. तो खरं तर दोरी आणायच्या आधी यायला हवा होता.

शेजारीच टपरीवर चहा घेत उभे असलेले एक टेम्पोवाले काका आले, दोरीला हात लावला आणि म्हणाले, "दादा, ही बांधली नाही, नुसती गुंडाळलीय."

हा लेख त्यांच्या त्या वाक्यामुळे आहे. कारण आता कयाक ही फक्त परदेशी व्हिडिओत दिसणारी गोष्ट राहिलेली नाही. तारकर्ली-देवबागची खाडी असो, गोव्यातलं खारफुटीचं पाणी असो की सह्याद्रीतली धरणं, बऱ्याच ठिकाणी लोक वल्ही मारताना दिसतात. काही जण भाड्याची कयाक सोडून स्वतःची घेतात. आणि घेतल्यावर पहिला प्रश्न पडतो की ही पाण्यापर्यंत न्यायची कशी? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना रूफ रॅक नसतो, मग?

तर रॅकशिवाय कयाक नेता येते, पण कोणती, किती लांब, किती वेगात आणि कशी बांधून, याची उत्तरं आधी माहिती पाहिजेत. एकेक करून बघू.

आधी कयाक म्हणजे नेमकं किती ओझं?

कयाक मूळची आर्क्टिकमधली. इनुइट आणि अल्युत लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलसारख्या प्राण्यांचं कातडं ताणून ही एकट्या शिकाऱ्याची होडी बनवायचे. ती हलकी असायची, एक माणूस उचलून नेऊ शकायचा.

आज बाजारात हौशी लोकांसाठी मिळणारी कयाक बहुतेक पॉलिथिलिन प्लास्टिकची असते. एका माणसाची कयाक साधारण ८ ते १२ फूट लांब आणि १८ ते ३० किलो वजनाची. दोन माणसांची त्याहून लांब आणि जड. समुद्रात लांब पल्ला मारायची कयाक तर १६-१७ फुटांपर्यंत जाते.

आता वजनाकडे बघितलं तर २० किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. गावाला जाताना आपण टपावर याहून जास्त सामान टाकलेलं असतं. पण कयाकचा प्रश्न वजनापेक्षा लांबीचा, आकाराचा आणि वाऱ्याचा जास्त आहे. पोतं टपावर पडून राहतं, पण दहा फुटांची गुळगुळीत, निमुळती वस्तू गाडीच्या वेगाने वाऱ्यात गेली की ती उचलली जायला बघते, बाजूला फिरायला बघते आणि ब्रेक मारला की पुढे सरकायला बघते. बांधताना या तिन्ही गोष्टी अडवायच्या असतात.

टप किती वजन घेतो?

गाडीचा टप म्हणजे पातळ पत्रा. त्याची ताकद कडांना असते, म्हणजे जिथे दरवाजांच्या वरची चौकट आणि खांब आहेत तिथे. मधला भाग हाताने दाबला तरी खाली जातो. त्यामुळे कयाकचा भार मधे न टाकता कडांच्या जवळ पडेल असं बघायचं.

टपावर किती वजन चालतं, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. तो आकडा दिलेला असेल तर त्यात कयाक, पॅड, पट्टे सगळं मिळून धरायचं. कंपनीने टपावर सामान ठेवू नका असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला, सनरूफ. सध्या सनरूफशिवाय गाडी घ्यायची नाही असा माहोल आहे. पण काचेवर भार टाकायचा नसतो. छोटं सनरूफ असेल तर पॅड त्याच्या पुढे-मागे पत्र्यावर बसतात का ते बघावं लागतं. पूर्ण टपभर पॅनोरमिक काच असेल तर पॅडवाली पद्धत सोडून द्या.

दुसरा, डमी रूफ रेल. बऱ्याच गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना काळ्या किंवा चंदेरी पट्ट्या असतात. त्या बघून वाटतं की चला, बांधायला जागा आहे. पण यातल्या अनेक फक्त शोभेच्या असतात, चिकटवलेल्या किंवा छोट्या क्लिपवर बसवलेल्या. मॅन्युअलमध्ये त्या भार घेतात असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्यांना दोरी बांधू नका. ओढ बसली की पट्टीसकट कयाक जाईल.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४ (१ए) आलं. गाडीवरचं सामान बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला ठरलेल्या मर्यादेबाहेर जात असेल तर २० हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. शिवाय ते सामान उतरवायचा खर्चही तुमच्याच माथी.

म्हणजे लांबीचं गणित घरीच करायला हवं. उदाहरण घेऊ. मारुती वॅगनआरची लांबी ३.६५५ मीटर आहे, म्हणजे जवळपास १२ फूट. दहा फुटी कयाक साधारण ३.०५ मीटर. म्हणजे ती गाडीच्या लांबीत बसते. पण टप हा गाडीच्या मागच्या बाजूला असतो, पुढे बॉनेट असतं. त्यामुळे कयाक टपावर नेमकी मध्यभागी ठेवली तर तिचं शेपूट मागे डिकीच्या बाहेर जाऊ शकतं. म्हणून ती थोडी पुढे, बॉनेटच्या दिशेने घ्यावी लागते. तेही इतकी पुढे नाही की ड्रायव्हरला समोरचं दिसणार नाही किंवा कयाक पुढच्या बाजूला डोलायला लागेल.

१४ फुटी कयाक मात्र कशीही ठेवली तरी चार मीटरच्या आतल्या गाडीत लांबीने बसणार नाही, कारण १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. तिथे गाडी बदला नाहीतर वाहतुकीचा वेगळा मार्ग शोधा.

"मागे लाल फडकं बांधलं की चालतं" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. लाल फडक्याने मागच्याला इशारा मिळतो एवढंच. मर्यादेबाहेर सामान न्यायचा परवाना त्याने मिळत नाही.

उंचीचंही बघा. वॅगनआर १.६७५ मीटर उंच. वर १० सेंटिमीटरचा फोम आणि ३५ सेंटिमीटरची कयाक धरली तर एकूण २.१ मीटरच्या वर जाते. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा आडवा दांडा, सोसायटीचं गेट, गावाकडच्या रस्त्यावर खाली आलेल्या फांद्या या सगळ्यात हा आकडा लक्षात ठेवावा लागतो. घरी टेपने मोजा आणि एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. टपावर काही आहे हे माणूस अर्ध्या तासात विसरतो.

सामान काय लागतं?

रॅक नसला की त्याच्या जागी चार गोष्टी येतात.

एक, पॅड. कयाकसाठी खाच पाडलेले फोमचे ब्लॉक मिळतात. अमेरिका-कॅनडात रॅक नसलेल्या गाड्यांसाठी हेच सर्रास वापरतात. हवा भरायचे पॅडही असतात. ते टपावर आडवे बसतात आणि त्यांचे पट्टे गाडीच्या आतून जातात. काहीच नसेल तर पोहण्याच्या तलावात वापरतात ते लांब फोमचे नूडल्स उपयोगी पडतात. आम्ही टाकलेली सतरंजी मात्र चुकीची निवड होती. ती पत्र्यावर घसरते, दबली की पातळ होते आणि पावसात भिजून जड होते.

दोन, कॅम बकलचे पट्टे. कॅम बकल म्हणजे दात असलेलं साधं बकल. पट्टा हाताने ओढला की तो तिथेच अडकतो. ट्रकवाले वापरतात तो रॅचेट पट्टा त्याहून ताकदवान असतो, पण इथे तीच अडचण आहे. रॅचेटची कडी चार वेळा जास्त फिरवली की प्लास्टिकची कयाक दबते आणि कधी टपाचा पत्राही. हाताच्या जोराने घट्ट होईल तेवढं पुरेसं असतं. एक इंच रुंदीचे, चार ते पाच मीटर लांबीचे दोन पट्टे घ्या.

तीन, पुढच्या आणि मागच्या टोकासाठी दोऱ्या. पॉलिएस्टरची दोरी चांगली, कारण ती फारशी ताणत नाही. नायलॉन ताणतं, आणि भिजल्यावर आणखी. आमची दोरी घरी घट्ट होती आणि आठ किलोमीटरवर सैल झाली, त्यामागे हे एक कारण होतं.

चार, जुना टॉवेल किंवा योगा मॅट. कयाक वर चढवताना गाडीच्या मागच्या कडेला ओरखडे पडू नयेत म्हणून.

आणि एक गोष्ट अजिबात नको, ती म्हणजे हुक असलेली रबरी बंजी दोरी. बाईकच्या सीटवर पिशवी अडकवायला ती ठीक आहे. ताणणं हाच तिचा गुण, आणि आपल्याला न ताणणारी गोष्ट हवी आहे.

आता प्रत्यक्ष बांधायचं कसं?

पहिली पायरी, टप पुसून घ्या. ओल्या फडक्याने पुसून मग कोरडा करा. धूळ आणि वाळूचे कण पॅडखाली राहिले तर प्रवासभर सँडपेपरचं काम करतात आणि रंग जातो.

दुसरी पायरी, पॅड लावा. एक पॅड समोरच्या काचेच्या थोडं मागे, दुसरा मागच्या दरवाजाच्या वर. दोघांत जितकं अंतर ठेवता येईल तितकं ठेवा. अंतर जास्त असेल तर कयाक कमी डुलते.

तिसरी पायरी, कयाक चढवा. दोन माणसं हवीत. गाडीच्या मागे मॅट टाकायची, कयाकचं पुढचं टोक मागच्या पॅडवर टेकवायचं आणि मागून ढकलत पुढे न्यायची. उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नाही.

रॅक नसताना कयाक सहसा पालथी ठेवतात, म्हणजे बसायची बाजू खाली आणि तळ वर. याचे फायदे सरळ आहेत. वरच्या कडा तुलनेने सपाट असल्याने भार दोन्ही बाजूंना पसरतो, पावसाचं पाणी आत साचत नाही आणि बाकदार तळावरून पट्टा नीट बसतो. मात्र तुमच्या कयाकच्या कंपनीने वेगळं काही सांगितलं असेल तर ते ऐका.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे पट्टे दरवाजातून न्यायचे.

गाडीचे चारही दरवाजे उघडा. पहिला पट्टा कयाकवरून टाका, दोन्ही टोकं पुढच्या दरवाजांच्या जागेतून गाडीच्या आत घ्या आणि छताखाली बकलमध्ये जोडा. दुसरा पट्टा तसाच मागच्या दरवाजांतून. म्हणजे पट्ट्याचं एक पूर्ण कडं होतं, ज्याच्या आत कयाक आणि गाडीचा टप दोन्ही येतात. मग दरवाजे लावा. पट्टा दरवाजाच्या रबराखाली दबतो आणि दरवाजा नेहमीसारखा उघडतो.

इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. पट्टा दरवाजातून न नेता खिडकीतून नेतात. बांधून होतं, सगळं छान दिसतं आणि मग कळतं की दरवाजे उघडतच नाहीत. हसू येईल, पण अपघात झाला तर आत बसलेल्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून हे टाळाच.

बकलचा धातू पत्र्यावर किंवा कयाकवर आपटणार नाही असा ठेवा. पट्ट्याला बाहेरच्या भागात एक-दोन पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि अख्ख्या गाडीत भोंग्यासारखा आवाज घुमतो. पीळ दिला की तो बराच कमी होतो.

गाडीत कर्टन एअरबॅग असतील तर थांबा आणि विचार करा. या एअरबॅग दरवाजाच्या वरच्या कडेतून खाली उघडतात, आणि आपला पट्टा नेमका तिथूनच आत जातो. पट्टा त्यांच्या वाटेत येऊ शकतो. अशा गाडीत मॅन्युअल वाचा, सर्व्हिस सेंटरला विचारा आणि खात्री नसेल तर त्या गाडीसाठी बनवलेला क्रॉसबार बसवून घ्या. तो दरवाजाच्या चौकटीला बाहेरून पकडतो, त्यामुळे पट्टा आतून न्यायची गरजच राहत नाही.

पुढची-मागची दोरी का लागतेच?

दोन पट्टे घट्ट बसले, कयाक हलत नाही, मग पुढे-मागे दोरी कशाला? आम्हीही हेच म्हणालो होतो.

जरा विचार करा. हॅचबॅकच्या टपावर दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण एक मीटर. कयाक तीन मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास एकेक मीटर टोक मोकळं आहे. बाजूने वारा आला किंवा मोठा ट्रक शेजारून गेला की वारा त्या टोकाला ढकलतो. टोक लांब असल्यामुळे थोड्या जोरानेही कयाक फिरते. जात्याचा खुंटा कडेला का असतो? तिथून फिरवायला सोपं जातं म्हणून. वाऱ्याला इथे तसाच खुंटा मिळतो. आमच्या कयाकचं नाक वीतभर वळलं ते असंच.

दुसरं कारण ब्रेकचं. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला तर २० किलोची कयाक साधारण १६ किलोच्या जोराने पुढे सरकायला बघते. प्रत्यक्ष धडक झाली तर हा जोर कित्येक पटींनी वाढतो. आडवे पट्टे कयाक खाली दाबून ठेवतात, पण गुळगुळीत प्लास्टिकला पुढे सरकण्यापासून अडवायला ते पुरेसे नाहीत.

तिसरं कारण वेगाचं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ६० वरून ९० वर नेला तर वेग दीडपट होतो, पण वाऱ्याचा जोर सव्वादोन पट. १०० ला तो पावणेतीन पटींहून जास्त होतो. म्हणजे सोसायटीतून निघताना पक्की वाटणारी कयाक एक्सप्रेसवेवर वेगळीच वागते.

म्हणून पुढच्या टोकाच्या हँडलपासून गाडीच्या पुढच्या भागाला आणि मागच्या टोकापासून मागच्या भागाला दोरी हवी. जमलं तर दोन्हीकडे उलट्या व्ही आकारात, म्हणजे टोकापासून डावीकडे एक आणि उजवीकडे एक. मग कयाक ना डावीकडे वळते ना उजवीकडे.

बांधायचं कशाला? बंपर, ग्रिल, नंबरप्लेट, वायपर यांना नाही. ते प्लास्टिक आहे, तुटतं. गाडी ओढायचा टो हुक वापरा. बऱ्याच गाड्यांत तो जॅक-पान्यासोबत डिकीत ठेवलेला असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे आट्यांवर फिरवून बसवायचा असतो. दुसरा उपाय म्हणजे पट्ट्याचा लूप. जाड पट्ट्याचा छोटा लूप करून त्याच्या आतल्या बाजूला पाइपचा तुकडा किंवा मोठी गाठ घालायची, ती बॉनेट किंवा डिकीच्या आत ठेवायची आणि झाकण लावायचं. लूप बाहेर येतो, गाठ आत अडकते. बॉनेटखाली इंजिनच्या फिरत्या किंवा गरम भागांजवळ तो जाणार नाही एवढं बघा.

गाठ कोणती? टेम्पोवाले काकांनी आम्हाला दाखवली ती. दोरीच्या मधल्या भागात एक छोटा फास करायचा, मोकळं टोक खालच्या हुकातून फिरवून वर आणायचं, त्या फासातून काढायचं आणि खाली ओढायचं. दोरी स्वतःच कप्पीसारखी वागते आणि कमी ताकदीत घट्ट होते. मग दोन अर्ध्या गाठी मारून संपवायचं. इंग्रजीत तिला ट्रकर्स हिच म्हणतात. काकांना ते नाव माहीत नव्हतं, त्यांनी आयुष्यभर हीच गाठ मारून माल नेला होता.

पण पुढची-मागची दोरी फार आवळू नका. तिथे ढील नसली म्हणजे झालं. जास्त ओढलं तर कयाक धनुष्यासारखी वाकते. आणि दोरीची उरलेली टोकं नक्की बांधून टाका. पुढची दोरी सुटून चाकाखाली गेली तर चाक तिला ओढतं आणि तिच्यासोबत कयाकलाही.

निघायच्या आधीची परीक्षा

कयाकचं टोक धरून जोरात हलवा, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे. कयाकसोबत अख्खी गाडी हलली तर बांधणी बरोबर. गाडी स्थिर आणि फक्त कयाक हलली तर परत बांधा.

मग निघा, पण पाच-सात किलोमीटरवर थांबा आणि पुन्हा तपासा. सुरुवातीला पॅड दबतात, पट्टे बसतात आणि थोडी ढील येतेच. त्यात आपले गतिरोधक आणि खड्डे. त्यानंतर दर अर्ध्या-पाऊण तासाने एकदा हात लावून बघा.

वेग ६० च्या आसपास ठेवा. लांब पूल, घाटातली मोकळी वळणं, मोठ्या ट्रकच्या शेजारून जाणं अशा ठिकाणी आणखी कमी. पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा, म्हणजे कचकन ब्रेक मारायची वेळच येणार नाही. १०० च्या मर्यादेच्या एक्सप्रेसवेवर ६० ने जाणं तुमच्यासाठीही त्रासाचं आणि मागच्यांसाठीही, त्यामुळे शक्य असेल तर जुना रस्ता पकडा.

उन्हाळ्यात एक जास्तीची काळजी घ्या. पॉलिथिलिन उन्हाने मऊ होतं. गाडी तासन् तास उन्हात उभी असेल आणि पट्टे करकचून आवळलेले असतील तर तळाला कायमचा खड्डा पडू शकतो. थांबल्यावर पट्टे थोडे सैल करा आणि निघताना पुन्हा ओढा. विसरायचं नसेल तर गाडीची चावी बकलला अडकवून ठेवा.

पावसाळ्यात पट्टा वातीसारखा पाणी ओढून गाडीच्या आत आणतो आणि सीट भिजते. आत, दरवाजाजवळ पट्ट्याला एक फडकं बांधलं तर पाणी तिथेच टिपलं जातं. पण खरं सांगायचं तर मुसळधार पावसात ही पद्धत वापरूच नये.

मग कधी नको म्हणायचं?

ही पद्धत एका हलक्या, आखूड कयाकसाठी आणि जवळच्या प्रवासासाठी आहे. दोन कयाक, लांब कयाक, दोनशे किलोमीटरचा हायवे, जोराचा वारा, पॅनोरमिक काच यांपैकी एक जरी असेल तर दुसरा मार्ग बघा.

दुसरे मार्ग आहेतही. हवा भरायची कयाक घेतली तर ती घडी होऊन डिकीत बसते आणि टपाचा प्रश्नच मिटतो. अणकुचीदार खडक असलेल्या किनाऱ्यावर जपावी लागते, पण धरणाच्या शांत पाण्यात ती छान चालते. गाडी दर आठवड्याला काढणार असाल तर त्या मॉडेलसाठी बनवलेले क्रॉसबार घेणं शेवटी स्वस्त पडतं. एकदाच कुठे हलवायची असेल तर लांब हौद्याचा पिकअप सांगा. आणि वर्षातून दोनदा कोकणात जाणार असाल तर तिथेच भाड्याने घ्या. तिथल्या माणसाला भरती-ओहोटी आणि खाडीतला प्रवाह माहीत असतो, तो फायदा वेगळाच.

धरणात उतरायचं असेल तर परवानगीचं आधी विचारा, कारण प्रत्येक जलाशयावर बोटिंगला मुभा नसते. आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी.

आमचं त्या दिवशी काय झालं?

काकांनी कयाक सरळ करून दिली, दोरी नव्याने बांधली, पुढे-मागे ताण दिला आणि हलवून दाखवली. या वेळी गाडी हलली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. मामाचा फोन आला, "काय रे, पोहोचलात का?" मी म्हणालो, "नाही मामा, परत येतोय."

काकांनी बांधलेली गाठ पक्की होती. पण खाली सतरंजीच होती, दोरी नायलॉनचीच होती आणि पट्टे नव्हते. चाळीसच्या वेगाने, हजार्ड लाइट न लावता पण डाव्या लेनने, आम्ही कयाक घरी आणली. पुढच्या शनिवारी फोमचे ब्लॉक, दोन कॅम बकलचे पट्टे आणि पॉलिएस्टरची दोरी घेऊन त्याच रस्त्याने गेलो. वाटेत दोनदा थांबून तपासलं. ती जागची हलली नव्हती.

तो बाईकवाला पुन्हा भेटणार नाही. पण टपावर काहीही बांधताना मी आता आधी मागे वळून बघतो. मागच्या बाईकवर कोण बसलेलं असेल, हे आपल्याला कधीच माहीत नसतं.